ड्यूई एकट्याने वाचताना : टपालातून आणि पडद्यावरून शिक्षणाचे तत्त्वज्ञान

शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आज घरबसल्या करता येतो. दिवसा नोकरी करावी, रात्री जेवणे आटोपल्यावर पडदा उघडावा, नेमून दिलेले प्रकरण वाचावे, दोन परिच्छेदांचे उत्तर लिहून पाठवावे आणि झोपावे. अशा अभ्यासक्रमाच्या वाचनयादीत प्लेटो असतो, रूसो असतो, आणि जॉन ड्यूई तर सहसा चुकत नाही.

गंमत अशी की, ड्यूईचे सारे म्हणणेच मुळी एकट्याने शिकण्याच्या विरुद्ध जाते. शिक्षण म्हणजे पुढच्या आयुष्याची पूर्वतयारी नव्हे, शिक्षण हेच सहजीवन. माणसे एकत्र काम करतात, बोलतात, अडतात, तेव्हा शिकतात, असे त्याचे प्रतिपादन आहे. हे प्रतिपादन आपण बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून, एकटेच वाचतो. मित्रहो, या विसंगतीवर केवळ हसून पुढे जाता येईल. परंतु तिचा इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे, आणि त्याची सुरुवात एका विद्यापीठाच्या आवारात, एकाच वेळी काम करणाऱ्या दोन माणसांपासून होते.

शिकागो विद्यापीठ १ ऑक्टोबर १८९२ रोजी सुरू झाले. पैसा रॉकफेलर यांचा, कल्पना बव्हंशी विल्यम रेनी हार्पर यांची. हार्पर हे विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष. वयाच्या अठराव्या वर्षी येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेला हा विद्वान हिब्रू भाषेचा अध्यापक होता, आणि हिब्रू शिकवण्याच्या नादातच त्यांना टपालाचा शोध लागला, असे म्हटले तरी चालेल. अमेरिकेत गावोगाव विखुरलेल्या पाद्र्यांना हिब्रू शिकायची होती. गाव सोडून येणे त्यांना शक्य नव्हते. हार्पर धडे छापून पाठवू लागले. विद्यार्थी उत्तरे लिहून पाठवी, ती तपासून परत जात, सोबत पुढचा धडा जाई. १८८०च्या दशकात हेच काम त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा सरोवराकाठच्या प्रसिद्ध लोकशिक्षण चळवळीत मोठ्या प्रमाणावर केले. पुढे कधीतरी वर्गातल्या अध्यापनापेक्षा पत्रद्वारा होणारे अध्यापन परिमाणाने मोठे असेल, असे भाकीत त्यांनी त्याच दशकात करून ठेवले होते. प्रत्यक्ष वर्गाला बाजूला सारण्याचा आपला हेतू नाही, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती; ती मात्र भाकितासोबत क्वचितच सांगितली जाते.

शिकागोला आल्यावर हार्पर यांनी बहिःशाल विभागात पत्रद्वारा शिक्षणाला आरंभापासूनच स्थान दिले. अमेरिकेतील एखाद्या मोठ्या संशोधनप्रधान विद्यापीठाने हे काम स्वतःच्या अंगणात आणावे, ही त्या काळी धाडसाचीच गोष्ट होती.

आणि १८९४ मध्ये याच हार्पर यांनी ज्या तरुण प्राध्यापकाला शिकागोला बोलावले, त्याचे नाव जॉन ड्यूई. ड्यूईकडे आलेल्या विभागात तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र यांच्या जोडीला अध्यापनशास्त्रही होते. शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाला विद्यापीठात मानाचे आसन मिळण्याच्या इतिहासात या जोडणीचे महत्त्व मोठे आहे. परंतु केवळ व्याख्याने देऊन ड्यूईचे समाधान होईना. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, मग शिक्षणशास्त्राला का नको? जानेवारी १८९६ मध्ये सोळा मुले आणि दोन शिक्षक घेऊन त्याने शाळा काढली. तिला ‘प्रयोगशाळा’ हेच नाव पुढे चिकटले. येथे मुले स्वयंपाक करीत, सुतारकाम करीत, लोकर पिंजून सूत काढीत आणि विणीत. विणता विणता कापूस मागे का पडला व लोकर पुढे का गेली, हा प्रश्न निघे. तेथून इतिहास, भूगोल आणि यंत्रशास्त्र निघे. अनेक हात एका कामात गुंतलेले असल्याशिवाय हे शिक्षण घडणेच अशक्य होते.

म्हणजे पाहा, एकाच आवारात एका बाजूला लिफाफे भरले जात होते आणि दुसऱ्या बाजूला माग चालत होता. ड्यूई १९०४ मध्ये राजीनामा देऊन शिकागो सोडून गेला. त्यामागे हा वाद होता, असे कोणी सांगितल्यास मात्र विश्वास ठेवू नये. भांडण शाळांच्या विलीनीकरणाचे आणि ड्यूईच्या पत्नी ॲलिस यांच्या मुख्याध्यापकपदाचे होते. टपाल विरुद्ध माग हा सामना प्रत्यक्षात कधी खेळलाच गेला नाही. दोघांनी शेजारी राहून दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे शोधली. हार्पर विचारत होते, वर्गापर्यंत पोहोचू न शकणाऱ्याचे काय? ड्यूई विचारत होता, वर्गात पोहोचलेल्याचे तरी काय होते?

येथे थोडे मागे जाऊ. पत्रद्वारा शिक्षणाचा जनक म्हणून समाजमाध्यमांवर हमखास आयझॅक पिटमन यांचे नाव येते : १८४० मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी पोस्टकार्डांवरून लघुलिपी शिकवली, अशी ती हकीकत. यातले पोस्टकार्ड तेवढे काढून टाकावे. जगातले पहिले सरकारी पोस्टकार्ड ऑस्ट्रियात १८६९ मध्ये निघाले. पिटमन यांनी १८४० मध्ये काढला तो आपल्या लिपीचा सारांश कोरलेला छोटा तक्ता, ‘पेनी प्लेट’. आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र कुठेही जाऊ लागले होते, म्हणून तो दूरवर पोहोचला. स्वस्त टपाल नसते तर दूरशिक्षणही नसते, एवढे या हकीकतीतून निश्चित घ्यावे. आज मोबाईलच्या डेटाचे दर उतरल्यावर जे आपल्याकडे झाले, तेच तेव्हा टपालाचे दर उतरल्यावर झाले.

पण लघुलिपी शिकवणे निराळे आणि विचार करायला शिकवणे निराळे. त्या दृष्टीने मला पिटमनपेक्षा ॲना एलियट टिकनॉर ही बॉस्टनची बाई अधिक महत्त्वाची वाटते. तिने १८७३ मध्ये स्त्रियांसाठी ‘घरी अभ्यासाला उत्तेजन देणारी’ संस्था काढली. शिकवणाऱ्याही स्त्रियाच, आणि बहुतेक विनावेतन. येथे छापील धड्यांचा मारा नव्हता. शिक्षिका आणि विद्यार्थिनी यांच्यात नियमित पत्रव्यवहार चाले. काय वाचले, काय पटले, काय अडले, हे विद्यार्थिनी लिही. ग्रंथ टपालाने घरपोच येत. टिकनॉरच्या मृत्यूनंतर १८९७ मध्ये संस्था बंद झाली, तोवर सात हजारांहून अधिक स्त्रियांनी तिचा लाभ घेतला होता. त्यांच्यापुढे ‘वर्ग की टपाल’ असा पर्यायच नव्हता. वर्गाचे दार बंद होते. टपालपेटी तेवढी उघडी होती.

वर्ग हा शब्द आपण फार आपुलकीने उच्चारतो. समोरासमोरचे शिक्षण, गुरूचा सहवास, मित्रांशी वाद. हे सगळे खरे. पण वर्गात कोणाला कसे बसवले जाते, हा प्रश्न त्याच्या आधी येतो. साताऱ्याच्या शाळेत एका मुलाला वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायला गोणपाटाचा तुकडा त्याने घरून आणायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा, कारण शाळेचा गडी त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर नळ त्याने स्वतः सोडायचा नाही. हा मुलगा शरीराने वर्गात होता. ड्यूई ज्याला सहजीवन म्हणतो, त्यापासून मात्र तो जितका दूर होता, तितका दूर टपालाने शिकणारा कोणीही पाद्री नव्हता.

तो मुलगा १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. शिकागो सोडल्यानंतर ड्यूई तेथेच होता. भीमराव आंबेडकर यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. परंतु त्यांनी ड्यूईच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गांनाही हजेरी लावली. ड्यूई वक्ता म्हणून मुळीच प्रभावी नव्हता, असे त्याचे विद्यार्थी सांगत. तो जणू वर्गासमोर उभा राहून स्वतःशीच विचार करी. तरीही या वर्गांचा परिणाम आंबेडकरांवर आयुष्यभर राहिला, हे त्यांनी स्वतः वारंवार मान्य केले आहे.

आता एक बारकावा ध्यानात घ्यावा. ड्यूईचा शिक्षणाच्या तत्त्वज्ञानावरचा मुख्य ग्रंथ ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी आंबेडकर न्यूयॉर्क सोडून लंडनला गेले. म्हणजे ज्या ग्रंथाचा ठसा त्यांच्या लेखनावर सर्वांत खोल दिसतो, त्याचे चिंतन त्यांनी मुख्यतः गुरूपासून दूर राहून, पुस्तक समोर ठेवून केले. त्यांच्या स्वतःच्या प्रतीतल्या अधोरेखनांचा अभ्यास संशोधकांनी केला आहे. ड्यूईने जीवशास्त्रातून उचललेला एक शब्द त्यांनी विशेष जपला : अंतःपरासरण, म्हणजे पातळ पडद्यातून द्रव आत झिरपण्याची क्रिया. समाजाच्या गटागटांमध्ये अनुभव असा झिरपत नसेल, तर तो समाज लोकशाही समाज नव्हे. ड्यूईने हे अमेरिकेतील वर्गभेद पाहून लिहिले. आंबेडकरांनी ते वाचले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कोणते पडदे होते, हे सांगायला नको.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले, भाषणाचा मजकूर पाहून मंडळ बिचकले आणि अधिवेशनच रद्द झाले. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे ते न झालेले भाषण. आंबेडकरांनी ते स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रतींची पहिली आवृत्ती पाहता पाहता संपली. त्यात ड्यूईचा उल्लेख आपले गुरू म्हणून, ऋण मान्य करून येतो. समोर बसलेल्या श्रोत्यांसाठी लिहिलेला मजकूर एकाही श्रोत्याने त्या सभेत ऐकला नाही. तो दूरच्या वाचकांनी, एकेकट्याने वाचला. आणि विसाव्या शतकात भारतीय समाजाला जितके त्या मजकुराने शिकवले, तितके फार थोड्या वर्गांनी शिकवले असेल.

कोलंबियाने आंबेडकरांना ५ जून १९५२ रोजी सन्माननीय पदवी दिली. त्या प्रवासात गुरूंची भेट होईल, अशी त्यांना आशा होती. ड्यूईचे निधन १ जून रोजी झाले. माईसाहेबांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही हळहळ बोलून दाखवली आहे.

दरम्यान टपाल ड्यूईच्या मागे कोलंबियापर्यंत आले होते. १९१९ मध्ये या विद्यापीठानेही ‘गृह-अभ्यास’ विभाग उघडला आणि त्याच्या जाहिराती देशभर झळकू लागल्या. १९३० मध्ये अब्राहम फ्लेक्स्नर यांनी विद्यापीठांवरच्या आपल्या ग्रंथात त्याची यथेच्छ टवाळी केली. ज्ञानपीठाने दुकान थाटले, असा त्यांचा रोख. त्यात तथ्य होते. पुष्कळ विद्यार्थी आगाऊ शुल्क भरत आणि चार धड्यांनंतर गळत. शुल्क मात्र विद्यापीठाकडे राही. त्याच दशकात कोलंबियाने तो विभाग गुंडाळला. अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडणाऱ्यांच्या पैशावर चालणारी ही व्यवस्था आजच्या वाचकाला ओळखीची वाटावी.

पुढचा भाग बऱ्याच जणांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ मध्ये सुमारे चोवीस हजार विद्यार्थ्यांनिशी अध्यापन सुरू झाले. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम काढला होता, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये. देशातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबादला निघाले. शाळेचा दाखला नसलेल्यालाही पात्रता परीक्षा देऊन तेथे पदवीला प्रवेश मिळे. १९९१ मध्ये त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यात आले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९चे.

संगणकाच्या जाळ्यावर मात्र पुन्हा थांबले पाहिजे, कारण तेथे तत्त्वज्ञ परत येतात.

१९८२ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील ला होया येथील एका संस्थेने संगणक-संदेशांवरून चालणारा प्रौढांचा अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थी मोठे अधिकारी, देशोदेशी विखुरलेले. मोडेमचा वेग सेकंदाला तीसएक अक्षरे. एक पानभर मजकूर उतरायला मिनिटाहून अधिक लागे. या प्रयोगाच्या उभारणीत अँड्र्यू फीनबर्ग हा तत्त्वज्ञ होता, हर्बर्ट मार्क्यूझचा शिष्य. त्याने नंतर जे लिहिले, ते आजच्या प्रत्येक ऑनलाइन अध्यापकाने वाचावे असे आहे. यंत्र चालू झाले, सर्व जोडले गेले आणि मग लक्षात आले की, यावर शिकवायचे कसे हे कोणालाच ठाऊक नाही. नामांकित प्राध्यापक लांबलचक व्याख्यान टंकून पाठवीत. पलीकडून शांतता. वर्गातल्या शांततेत निदान चेहरे दिसतात. येथे विद्यार्थी कंटाळला आहे, गोंधळला आहे की उत्तर लिहितो आहे, हे कळायला मार्गच नव्हता.

हळूहळू काही क्लृप्त्या सापडल्या. त्यातल्या एकीला फीनबर्गने ‘विणणे’ हा शब्द वापरला. अध्यापकाने ठरावीक काळाने थांबावे, विखुरलेल्या दहा संदेशांतले धागे उचलावे, कोणाचे म्हणणे कोणाशी जुळते, कोणाशी भांडते, हे दाखवून एक विणलेला तुकडा सर्वांसमोर ठेवावा. मग चर्चा पुन्हा चालू लागे. शिकागोच्या शाळेतला माग येथे शब्दांचा होऊन परत आला, असे मला वाटते. फीनबर्गच्या मनात ड्यूईची शाळा होती, असा माझा दावा नाही.

पुढच्या लोकांच्या मनात मात्र ड्यूई स्पष्टपणे होता. मायकेल मूर यांनी दूरशिक्षणातले अंतर मैलांत मोजणे सोडून दिले. त्यांच्या मते खरे अंतर असते ते शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या समजुतीतले, देवघेवीतले. संवाद जितका कमी आणि अभ्यासक्रमाचा साचा जितका ताठर, तितके ते वाढते. या संकल्पनेतला ‘देवघेव’ हा मूळ शब्द ड्यूई आणि आर्थर बेंटली यांच्या १९४९ च्या ग्रंथातून आलेला. साताऱ्यातला तो गोणपाट आठवा. एका छताखालीही हे अंतर किती असू शकते, हे मूर यांच्या व्याख्येने सांगता येते. २००० च्या सुमारास कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर हे तिघे पदव्युत्तर ऑनलाइन चर्चांचा अभ्यास करीत होते. त्यांनी ड्यूईच्या चौकशीच्या कल्पनेवरून एक चौकट बांधली : अडचण जाणवणे, शोधाशोध, जुळवाजुळव आणि उलगडा. हजारो संदेश तपासल्यावर अनेक अभ्यासकांना दिसले ते असे की, बहुतेक चर्चा शोधाशोधीपाशीच रेंगाळतात. प्रत्येक जण आपले मत मांडतो, दुसऱ्याला ‘छान मुद्दा’ म्हणतो आणि गुणांपुरते दोन संदेश झाले की निघून जातो. ज्यांनी असा अभ्यासक्रम केला आहे, त्यांना पुरावा नको.

मग आली २०१२ची लाट. आदल्या वर्षी स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोफत अभ्यासक्रमाला एक लाख साठ हजार जणांनी नावे नोंदवली होती, आणि हार्पर यांचे भाकीत आता खरे होणार, असे वातावरण झाले. याच सुमारास कॅलिफोर्नियातील सान होजे सरकारी विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाला सुचवण्यात आले की, हार्वर्डचे मायकेल सँडेल यांची ‘न्याय’ या विषयावरची ध्वनिचित्रित व्याख्याने वर्गात वापरावीत. विभागाने नकार दिला आणि मे २०१३ मध्ये सँडेल यांना लिहिलेले खुले पत्र प्रसिद्ध केले.

ते पत्र यंत्राविरुद्ध नव्हते, हे विशेष. ऑनलाइन साधने आम्हीही वापरतो, असे अध्यापकांनी त्यात म्हटले होते. त्यांचा आक्षेप निराळा होता. हार्वर्डच्या विद्यार्थ्यापुढे जिवंत प्राध्यापक उभा असेल. सान होजेचा विद्यार्थी, जो बहुधा घरातला पहिलाच पदवीला आलेला, तो त्या प्राध्यापकाला दुसऱ्याच विद्यार्थ्यांशी बोलताना पाहत बसेल. अशाने विद्यापीठांच्या दोन जाती तयार होतील. शिवाय न्यायासारख्या विषयावर देशभर एकच व्याख्यान ऐकवले जावे, हेही त्यांना भयावह वाटले.

हार्पर यांचा पाद्री टपालाकडे वळला, कारण त्याच्या गावात दुसरे काही नव्हते. टिकनॉरच्या विद्यार्थिनीही तशाच. सान होजेत प्राध्यापक होते, वर्ग होता, विद्यार्थी समोर बसलेले होते. पडदा येणार होता तो त्यांच्या जागी. दूरशिक्षणाच्या इतिहासात हे दोन प्रसंग एकाच नावाखाली मांडले जातात, आणि माझ्या मते ही मोठी गल्लत आहे.

सँडेल यांनी उत्तर थोडक्यात दिले. आपल्या व्याख्यानांचा उपयोग सहकाऱ्यांना दुर्बल करण्यासाठी व्हावा अशी आपली मुळीच इच्छा नाही, आणि पत्रातले प्रश्न चर्चेला घेण्याजोगे आहेत, असे ते म्हणाले. त्याच विद्यापीठाने उडॅसिटी या कंपनीबरोबर चालवलेले दुसरे ऑनलाइन वर्ग, उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण फार कमी निघाल्यामुळे, जुलै २०१३ मध्ये तूर्त थांबवण्यात आले. तत्त्वज्ञान विभागाने आपला न्यायावरचा वर्ग आपल्याच अध्यापकांकडे ठेवला.